वर ८४, खाली ३६

अँजिओग्राफीत माझ्या हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या, इकोत पंप ठणठणीत निघाला, आणि तरीही मला पेसमेकर बसवावा लागला. भेटायला येणाऱ्यांना हे काही केल्या पटत नव्हतं. "ब्लॉकेज किती टक्के होतं?" "स्टेंट किती टाकले?" "तूप बंद केलं ना?" रावपुऱ्याच्या मामी तर अर्जुनाच्या सालीची पुडीच घेऊन आल्या. हृदय बिघडलं म्हणजे नळी तुंबली, एवढं आपल्या सगळ्यांना पाठ झालंय. त्या हृदयात वायरिंगही असतं आणि बाकी सगळं धडधाकट असताना तेवढंच बिघडू शकतं, हे कुणी ऐकूनच घेत नाही. मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमधून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे माझ्या बाबतीत दोष नेमका तिथे निघावा याची मला गंमतही वाटली, पण ती नंतर.

सुरुवात थकव्याने झाली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना उभा आणि अरुंद. वर पोचलो की कठडा धरून थांबावं लागायला लागलं. सकाळी कमाटीबागेत फिरताना बरोबरची मंडळी पुढे निघून जायची. सदुसष्ट वय, म्हणून तो थकवा वयाच्या खात्यात टाकला. मग एकदा दाढी करताना डोळ्यांपुढे अंधारी आली. बेसिन धरलं म्हणून पडलो नाही. त्याच रात्री जेवताना ही म्हणाली, "अहो, तुमच्या मानेत हे काय उडतंय?" आरशात पाहिलं. गळ्याच्या बाजूची शीर मधूनच टुणकन उसळत होती. त्याला काही ताल नव्हता. दोन-तीनदा नुसती थरथर, मग एकदम मोठी उसळी.

आमचे फॅमिली डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांनी आधी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर गप्प बसले. मग रक्तदाब घेतला: १७४ आणि ६२. मी म्हटलं, "म्हणजे बीपीची गोळी सुरू करायची." ते म्हणाले, "गोळी मुळीच घ्यायची नाही. आधी ईसीजी काढू." पट्टी मशीनमधून बाहेर येत असतानाच त्यांनी फोन उचलून गाडी मागवली.

ती पट्टी मी मागून घेतली आणि गाडीत बसून वाचली. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. पाच मिलिमीटरचा एक मोठा चौकोन, म्हणजे एक पंचमांश सेकंद. दोन ठोक्यांमध्ये किती मोठे चौकोन येतात ते मोजायचं आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं, की मिनिटाचे ठोके मिळतात. माझ्या दोन उंच टोकांमध्ये आठाहून थोडे जास्त चौकोन भरले: ३६. पण त्या टोकांच्या अधेमधे छोट्या छोट्या टेकड्याही होत्या, आणि त्यांचं अंतर वेगळं होतं, साडेतीन चौकोनांच्या आसपास: ८४. छोट्या टेकड्या म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याआधीची वीज, उंच टोकं म्हणजे खालच्या दोन कप्प्यांची. धडधाकट माणसात प्रत्येक टेकडीमागून सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत टोक येतंच. माझ्याकडे टेकड्या आपल्या चालीने निघाल्या होत्या, टोकं आपल्या. कधी टेकडी टोकाच्या आधी, कधी नंतर, कधी बरोबर त्याच्या पोटात. एकाच कागदावर दोन स्वतंत्र घड्याळं.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हेच दोन शब्दांत सांगितलं: कंप्लीट हार्टब्लॉक. मी त्यांना वायरिंगचा नकाशा विचारला. त्यांनी कंटाळा न करता कागदावर काढून दाखवला. मला तो फार आवडला.

हृदयाला बाहेरून कुणी हुकूम देत नाही. मेंदू फार तर वेग कमीजास्त करतो. उजव्या वरच्या कप्प्यात, अंगावरचं अशुद्ध रक्त आणणारी मोठी नीला जिथे उघडते त्या कोपऱ्यात, काही पेशींचा एक पुंजका असतो. तो स्वतःच मिनिटाला ६० ते १०० वेळा वीज सोडतो. ती वरच्या दोन्ही कप्प्यांवर पसरते, ते आवळतात आणि रक्त खाली ढकलतात. यापुढची रचना खरी बघण्यासारखी. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये चिवट तंतूंचा एक पडदा असतो, आणि तो चक्क इन्सुलेटर असतो. वीज त्यातून जात नाही. खाली उतरायला एकच वाट: पडद्याजवळची एक गाठ आणि तिच्यातून निघालेला बारीक तंतूंचा जुडगा. सुनाओ तवारा नावाच्या जपानी डॉक्टरने जर्मनीतल्या मारबुर्गला काम करताना १९०६ मध्ये ही गाठ आणि तिच्यापासून खालपर्यंत जाणारी सगळी वाट दाखवून दिली. वीज सुरू करणारा वरचा पुंजका पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, किथ आणि फ्लॅक या दोघा ब्रिटिशांनी जाहीर केला. त्यांना तो आधी एका चिचुंदरीसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या हृदयात सापडला होता. विल्यम हार्वेने रक्त गोल फिरतं हे १६२८ मध्ये छापलं. ते फिरवणाऱ्या पंपाचा स्विच कुठे आहे हे कळायला आणखी पावणेतीनशे वर्षं लागली.

मधली गाठ मुद्दाम उशीर लावते, साधारण सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात वरच्या कप्प्यांतलं उरलेलं रक्त खाली उतरतं, खालचे कप्पे नीट भरतात आणि मगच आवळतात. ही वाट वयोमानाने तंतुमय होऊन बंद पडू शकते, आणि माझी तशीच पडली होती. वरचा पुंजका बिचारा ८४ वेळा हाक मारत होता, खाली एकही पोचत नव्हती.

मग मी जिवंत कसा, हा प्रश्न मला त्या खाटेवरच पडला. हृदयात खालच्या पेशींनाही स्वतःहून वीज सोडता येते, फक्त जितकं खाली जावं तितका वेग कमी. गाठीच्या आसपासच्या पेशी मिनिटाला ४० ते ६०, त्याहून खालच्या २० ते ४०. एरवी वरून येणारा वेगवान हुकूम त्यांना डोकं वर काढू देत नाही. तो थांबला की त्या काम हातात घेतात. घरातला इन्व्हर्टर जसा: दिवे लागतात, पंखा फिरतो, पण त्यावर गिझर लावायचा नाही. माझी टोकं रुंद होती, म्हणजे वीज बरीच खालून निघत होती. असा खालचा ताल भरवशाचा नसतो, मधेच दमतो. तो आठ-दहा सेकंद थांबला तर मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्सने १८४६ मध्ये असे मंद नाडीचे, घेरी येऊन पडणारे रुग्ण वर्णून ठेवलेत. दोघेही डब्लिनचे. दाढी करताना मी त्यांच्या यादीत जाता जाता राहिलो.

आता त्या दोन कोड्यांचा उलगडा. वरचा आकडा १७४ का? ठोके कमी, म्हणून प्रत्येक दोन ठोक्यांमध्ये भरायला भरपूर वेळ. हृदयाचा स्नायू जितका ताणला जाईल तितक्या जोराने आवळतो. एका ठोक्याला एरवी सत्तरेक मिलिलिटर रक्त जातं, तिथे माझं कितीतरी जास्त जात होतं. तो लोंढा आला की दाब चढायचा, पुढचा लोंढा लवकर येत नाही म्हणून खूप खाली उतरायचा. डॉक्टरांनी गोळी का नाकारली ते तेव्हा कळलं. काही बीपीच्या गोळ्या ठोके आणखी मंद करतात. तरी हिशेब तोट्याचाच होता. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला लाखभर होतात. माझे जेमतेम बावन्न हजार. विश्रांतीत कसंबसं भागत होतं. जिना आला की मागणी वाढायची आणि पुरवठा ३६ वरून हलायचा नाही.

आणि मानेतली उसळी? वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या तालात चालले की कधीतरी दोघं एकाच क्षणी आवळतात. तेव्हा मधली झडप बंद असते, वरच्या कप्प्यातल्या रक्ताला खाली जायला जागा नसते, म्हणून ते उलटं मानेतल्या शिरेत उसळी मारतं. डॉक्टरांनी हिला विचारलं, "काकी, हे तुम्ही ओळखलंत?" ही म्हणाली, "ओळखलं कुठे, समोर बसून जेवत होते, दिसलं." तरी त्या दिवसापासून घरात तिचा वैद्यकीय शब्द शेवटचा.

आयसीयूच्या पहिल्या रात्री झोप आली नाही. छातीवर दोन मोठे पॅड चिकटवलेले, अगदीच ठोके थांबले तर बाहेरून वीज द्यायला. डोक्यावर मॉनिटर, त्यावर ३६, ३५, ३६. आकडा बघत पडलो असताना आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा आठवला. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येक पोराने त्याच्यासमोर मान वर करून तोंड वासलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एका निळ्या देवमाशाच्या अंगाला यंत्र चिकटवून त्याची नाडी मोजल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. खोल बुडी मारली की त्याचे ठोके मिनिटाला दोनवर येतात आणि श्वास घ्यायला वर आला की तिसाच्या पुढेही जातात. म्हणजे मी त्या वेळी पाण्यावर आलेल्या देवमाशाच्या चालीने चाललो होतो. नर्सला सांगणार होतो, पण ती "काका, सूई जाव" म्हणून दिवा मालवून गेली.

दुसऱ्या दिवशी तपासण्या. पोटॅशियम, थायरॉइड, आधीची औषधं, हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय का, हे सगळं तपासलं, कारण यांपैकी काही निघालं तर ते दुरुस्त करून वाट पुन्हा मोकळी होऊ शकते. अँजिओग्राफीही त्यासाठीच. मनगटातून नळी गेली, डाय सोडला, पडद्यावर काळ्या फांद्या उमटल्या आणि विरल्या. त्या मधल्या गाठीला रक्त पुरवणारी फांदी बहुतेकांत उजव्या मुख्य रक्तवाहिनीतून निघते. तीही मोकळी होती. इथे सांगण्यासारखं फारसं नाही. दुखलं नाही, लवकर आटोपलं.

पेसमेकर बसवताना मात्र मी पूर्ण जागा होतो आणि ते मी कधी विसरणार नाही. कॅथलॅबमध्ये थंडी फार. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बधिर करायची सुई दिली, तेवढीच काय ती कळ. चेहऱ्यावर हिरवं कापड, त्यामुळे दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतला, मग कातडीखाली बोटाने खिसा करायला लागले. दुखत नव्हतं, पण रेटा इतका की खांदा टेबलात रुतेल असं वाटलं. मधेच जळका वास आला. बारीक रक्तवाहिन्या डाग देऊन बंद करत होते; वास माझाच होता, हे लक्षात यायला क्षणभर लागला.

मग हाडाखालच्या नीलेतून पहिली तार आत गेली. नीलांची गंमत अशी की कुठूनही शिरा, वाट उजव्या वरच्या कप्प्यातच जाते. तिथून झडप ओलांडून तार खालच्या कप्प्यात उतरवली. टोक भिंतीला लागलं तशी छातीत चार-पाच वेळा धडधड झाली, मॉनिटर ओरडला, डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तारेने गुदगुल्या केल्या, बस." टोकाला बारीक स्क्रू असतो. तो फिरवून स्नायूत रोवतात. मग कुणीतरी आकडे वाचायला लागलं, आणि कापडाखाली माझे कान टवकारले. "थ्रेशोल्ड पॉइंट सिक्स. इम्पिडन्स सिक्स ट्वेंटी." ठोका उमटायला लागणारं किमान व्होल्टेज ०.६ व्होल्ट, विजेच्या वाटेतला विरोध ६२० ओहम. मनातल्या मनात भागाकार केला: एक मिलिअँपिअरही भरत नाही. तोही सेकंदाच्या फक्त ०.४ हजाराव्या भागापुरता. एवढ्याशा विजेने खालचा अख्खा कप्पा आवळतो, कारण एक पेशी पेटली की शेजारची पेटते आणि बाकी काम स्नायू स्वतः करतो. उभ्या आयुष्यात इतक्या कमी विजेवर चालणारं इतकं मोठं यंत्र मी लॅबमध्ये पाहिलेलं नाही.

दुसरी तार वरच्या कप्प्यात रोवली. पूर्ण व्होल्टेज देऊन छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा उडत नाही ना ते पाहिलं, नाहीतर जन्मभर उचक्या. दोन्ही तारा डबीत खोचल्या, स्क्रू आवळले आणि डबी खिशात सरकवली. टायटॅनियमची, आत लिथियमची बॅटरी, वजन पंचवीस-तीस ग्रॅम. कुणीतरी म्हणालं, "काका, हवे जुओ." मॉनिटरची टिकटिक एकदम दुप्पट वेगाने वाजायला लागली. मला आधी जाणवलं ते कानांच्या पाळ्या गरम झाल्या हे. मग तळहात.

लोकांना इथे हमखास वाटतं की आता यंत्र हृदय चालवतंय. निदान माझं तरी तसं नाही. वरची तार नुसती कान देऊन बसलेली असते. माझ्याच पुंजक्याने वीज सोडली की ती ऐकते, डबी क्षणभर थांबते, अगदी त्या मूळ गाठीसारखी, आणि मग खालच्या तारेतून ठोका देते. तुटलेली तेवढीच वाट तिने जोडली. जिना चढताना वेग किती वाढवायचा हे अजून माझं शरीरच ठरवतं. पुंजका फारच मंदावला, साठाच्या खाली गेला, तरच डबी वरूनही हुकूम देते. संध्याकाळी रक्तदाब १३२ आणि ७६ होता, एकाही गोळीशिवाय. मान शांत.

अंगात पूर्ण पेसमेकर बसवलेला जगातला पहिला माणूस आर्ने लार्सन, स्वीडनचा, १९५८ सालचा. त्याचं पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे आयुष्यात वीसहून जास्त पेसमेकर बदलले आणि तो २००१ पर्यंत जगला, ८६ वर्षांचा होऊन. गेला तोही कर्करोगाने. मुलगा पुण्याहून आला होता, त्याला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. आणि लगेच, विषय निघालाच आहे तर, हेही सांगून टाकलं की माझं काही झालं तर खासवाडीच्या स्मशानात नेण्याआधी ही डबी डॉक्टरकडून काढून घ्यायची. चितेच्या आगीत बॅटरी फुटते. तो चिडला. "बाबा, आजच सांगायला हवं का?" मी म्हटलं, मग कधी सांगू? ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला कळलंय, मी करीन सगळं, तुम्ही आधी जेवा."

बाकी पथ्यं साधी. मोबाइल उजव्या कानाला. छातीच्या खिशात ठेवायचा नाही. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब, आर्क वेल्डिंगच्या आसपास फिरकायचं नाही. एमआरआय करायची वेळ आली तर आधी कार्ड दाखवायचं. सगळ्यात अवघड पथ्य म्हणजे डावा हात महिना-दीड महिना खांद्याच्या वर न्यायचा नाही, तार नवी असते, ओढली गेली तर निसटू शकते. आणि समोर उत्तरायण! बडोद्यात १४ जानेवारीला हात खाली ठेवून बसणं ही शिक्षाच. गच्चीवर गेलो, उंधियू आणि जलेबी खाल्ली, "काइपो छे" ओरडलो, पतंगाला हात लावला नाही. शेजाऱ्यांच्या गच्चीवरचा माणसाएवढा स्पीकर दिसला तेव्हा खुर्ची उचलायला लावून दुसऱ्या कोपऱ्यात बसलो, कारण त्यात भलंमोठं चुंबक असतं. चुंबक डबीवर आलं की ती वरचं ऐकणं सोडून ठरलेल्या वेगाने ठोके देत सुटते. शेजारच्या पोराला हे समजावलं तर त्याने आवाज कमी केला. आवाजाचा प्रश्न नव्हता, पण मी काही बोललो नाही. बरंच झालं.

मार्चमध्ये तपासणीला गेलो. टेक्निशियन पोरगा पंचविशीचा असेल. छातीवर एक गोल यंत्र ठेवलं आणि स्क्रीनवर सगळी डायरी उघडली: तीन महिन्यांत खालच्या कप्प्याचे जवळजवळ सगळे ठोके डबीचे. "काका, तुमचं स्वतःचं खाली काही आहे का बघतो, जरा चक्कर आली तर सांगा." त्याने वेग हळूहळू उतरवला. ५०. ४०. मग डबी गप्प, आणि बराच वेळ काहीच नाही. मग एक रुंद टोक उमटलं. आणखी एक. ३४. पाय गार पडले. "आहे, आहे," म्हणत त्याने डबी पुन्हा सुरू केली.

मग थ्रेशोल्ड मोजला: ०.७. नवीन तारेभोवती थोडी सूज येते, तोवर आकडा चढू शकतो, म्हणून सुरुवातीला साडेतीन व्होल्टवर ठेवतात. आता स्थिर झालाय म्हटल्यावर त्याने अडीच केले. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दर ठोक्याला आठ मायक्रोजूलच्या जागी चार. मी हे मोठ्याने बोललो तर पोरगा पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढून माझ्याकडे बघायला लागला. "काका, तमे शुं करता हता?" मी सांगितलं. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बॅटरीचा अंदाज दाखवला. व्होल्ट उतरवताच वर्षांचा आकडा वर सरकला होता. पुढची तारीख सप्टेंबरची दिली.